जिन्यात अडकलेला सोफा

मंद्याचा सोफा शुक्रवारपासून पार्किंगमध्ये उभा होता. उभा म्हणजे खरंच उभा, एका कुशीवर, प्लास्टिकसकट. सात फुटी थ्री-सीटर. आमच्या नारायण पेठेतल्या बिल्डिंगचा जिना पहिल्या मजल्यावर असा वळतो, की तिथे गॅसचा सिलिंडरसुद्धा श्वास रोखून जातो. डिलिव्हरीच्या पोरांनी तीनदा झटापट केली, भिंतीचा रंग खरवडला, मंद्याची सही घेतली आणि निघून गेली.

"रिटर्न करतोय," कट्ट्यावर टेकता टेकता मंद्या म्हणाला. "दहा दिवस आहेत."

"कारण काय देणार?" नानांनी विचारलं. नाना ग्राहक पंचायतीचे जुने कार्यकर्ते, संस्थापक बिंदुमाधव जोशींच्या वेळचे.

"कारण काय म्हणजे? वर जात नाहीये!"

"मग दोष सोफ्याचा की जिन्याचा?"

पक्या फसकन हसला. पक्याचं सुतारकाम आहे, तेव्हा ऑनलाइन फर्निचर फसलं की त्याचा दिवस चांगला जातो. "मला सांगितलं असतंस तर आधी जिना मोजून गेलो असतो. तू मोजलास?"

"साइटवर माप सेंटिमीटरमध्ये होतं रे."

"बरं मग? टेप उलटा धरायचा."

मंद्याने मोबाइल पुढे केला. रिटर्नची अट मी मोठ्याने वाचली. तुटका किंवा चुकीचा माल आला तर मोफत परत. बाकी कुठल्याही कारणासाठी किमतीच्या 15 टक्के कापणार. आणि अगदी तळाला: माल दारातून, जिन्यातून जाईल याची खात्री ग्राहकाने करावी. सोफा 34,999 चा. म्हणजे सव्वापाच हजार गेले.

"ही लूट आहे," मंद्या तापला. "युरोपात 14 दिवसांत कारण न सांगता परत करता येतं. आपला कायदा काय झोपलाय?"

"तो तिकडचा कायदा," नाना म्हणाले. "आपल्याकडे 2020 चे ई-कॉमर्सचे नियम आहेत. माल सदोष निघाला, बनावट निघाला, जाहिरातीत दाखवला तसा नसला किंवा कबूल तारखेनंतर आला, तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. आवडला नाही, मावला नाही, ही त्याची मेहेरबानी. तो दहा दिवस देईल, नाहीतर काहीच देणार नाही."

इथे मला राहवलं नाही. आमचं कपाट आलं तेव्हा खोकं एका कोपऱ्यात दबलेलं होतं. मी भिडस्तासारखी सही केली. जोडणारा माणूस नवव्या दिवशी आला, खोकं उघडलं, तर पार्टिकल बोर्डचा कोपरा बिस्किटासारखा भुगा झालेला. रिटर्नची मुदत सात दिवसांची, आणि ती मोजलेली डिलिव्हरीपासून. मी गप्प बसलो. त्या दाराचा स्क्रू आजही धरत नाही, बायको रबरबँड लावते.

"गाढवपणा," नाना म्हणाले. "मुदत संपली म्हणून तुझं फक्त ॲपवरचं बटण गेलं. सदोष मालाची तक्रार ग्राहक आयोगाकडे करायला दोन वर्षं असतात. खोक्याचा फोटो काढलेलास?"

नव्हता.

एवढ्यात पक्या उठून सोफ्याकडे गेला होता. त्याने बुडाला मोबाइलचा टॉर्च मारला, बोटाने टकटक केलं. "मंद्या, हा कुठल्या लाकडाचा म्हणून घेतलास?"

"शीशम. नावातच आहे, शीशम वूड सोफा."

"पाय शीशमचे आहेत. फ्रेम पाइनची." तळाचं काळं कापड एका कोपऱ्यात सुटलं होतं, आत पिवळट लाकूड आणि गाठी दिसत होत्या. "शीशमची फ्रेम असती तर त्या पोरांनी पहिल्याच पायरीवर टेकवला असता."

नाना कट्ट्यावरून उठले. गुडघे दुखत असताना माणूस इतक्या लगबगीने उठू शकतो हे मला नवीन होतं. "आता बोल! जाहिरातीत सांगितला तसा माल नाही. जिन्याचं नावसुद्धा काढू नकोस."

"थांबा नाना," पक्या म्हणाला. "साइटवर खाली तक्त्यात काय लिहिलंय ते बघा. ‘सॉलिड वूड’. पाइनही सॉलिडच असतं."

"आणि वर मथळ्यात शीशम! गिऱ्हाईक मथळा बघून पैसे देतं." नाना आता थांबायच्या मूडमध्ये नव्हते. "आधी त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लिही. 48 तासांत पोच द्यायला हवी, महिन्यात निकाल. नाहीतर ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला फोन. तरी ऐकलं नाही तर जिल्हा आयोग, कंपनी कुठलीही असो, तू राहतोस तिथे दाखल करता येतं. पाच लाखांच्या आत फी नाही."

मला स्वतःला पक्याची शंका बिनतोड वाटली नाही, पण कंपनीचा माणूस नेमकं तेच म्हणणार, हेही दिसत होतं.

"हे कापड जरा आणखी उचकटून बघू का?" पक्याने खिशातून पेचकस काढला.

"हात लावशील तर!" मंद्या ओरडला. "वापरलेला म्हणतील!"

मग पार्किंगच्या मिणमिणत्या दिव्याखाली मंद्या ते पान वरपासून खालपर्यंत सरकवत एकेक स्क्रीनशॉट काढत बसला. नाना शेजारी उभे राहून सांगत होते, "तारीख येऊ दे, तारीख. उद्या मथळा बदलतील."