वर गेलेली गोळी खालीच येते

लग्नसराई आली की आमच्या खानापूर भागात व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो थेट वहिनींच्या मोबाइलवर आला, आणि त्याखाली पुतण्याची पुरवणी: "आई, आता तरी वरातीत बाबांची बारा बोअर बंदूक काढू दे." वहिनींनी तो मला पाठवून विचारलं, "भावजी, हे खरं काय ओ?"

मेसेजचं नाव "बंदुकीच्या गोळीची पाच सत्यं". हवेत मारलेली गोळी वर जळून जाते, खाली येते ती राख. ब्लँक, म्हणजे बिनगोळीचं काडतूस ही दिवाळीची टिकली, अगदी अंगावर मारलं तरी काही होत नाही. बारा बोअर म्हणजे बारा मिलिमीटर. उडालेलं रिकामं काडतूस म्हणजे निव्वळ भंगार. आणि जुनी, ओल लागलेली काडतुसं मेलेली असतात, बिनधास्त चुलीत टाका. शेवटी सही: "एक निवृत्त फौजी". मी स्वतः फौजेत होतो, म्हणून हे वाचून डोकं जरा जास्तच फिरलं. या गृहस्थानं फायरिंग रेंज लांबून तरी बघितली आहे का, शंका येते.

पहिलंच घ्या, कारण पोरं नाचतात ती त्यावरच. काडतुसात मोजून चार वस्तू. बुडाला टोपी, तिच्या पुढं दारू, हे सगळं धरून ठेवणारं पितळी खोकं, आणि तोंडाशी बसवलेली शिशाची गोळी. चाप ओढला की पिन टोपीवर आपटते, टोपीतली ठिणगी दारू पेटवते, दारूचा वायू होतो आणि तो गोळीला नळीतून ढकलतो. जळायचं असतं ते दारूनं, आणि ती जळते नळीत, डोळ्याची पापणी लवायच्या आत. खोकं एक तर बंदुकीतच राहतं, नाही तर बाजूला उडून पडतं. हवेत जाते ती फक्त गोळी, म्हणजे शिशाचा तुकडा, रायफलची असेल तर वरून तांब्याचं कवच. तिच्यात जळण्यासारखं आहेच काय? राख कशाची होणार?

ती वर जाते, थांबते आणि परत येते. सरळ वर मारलेली गोळी खाली येताना हवेच्या अडथळ्यानं मंदावते हे खरं, पण मंदावून मंदावून ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरवर येते. कवटी फुटायला तेवढं पुरतं. शिवाय वरातीत सरळ वर कोण मारतो? एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात मोबाइल, डीजेच्या तालावर पाय. नळी तिरकी होतेच. तिरकी सुटलेली गोळी मूळचा वेग थोडाफार राखून किलोमीटरभर पलीकडं जाऊन पडते, आणि मारणाऱ्याला तिथं कोण होतं याचा पत्ताही नसतो. लॉस एंजेलिसच्या किंग-ड्र्यू मेडिकल सेंटरच्या डॉक्टरांनी अशा आभाळातून पडलेल्या गोळ्यांनी जखमी झालेल्यांची नोंद प्रसिद्ध केली आहे. १९८५ ते १९९२ या काळात त्या एकाच रुग्णालयात ११८ जण आले, त्यातले ३८ दगावले. बहुतेकांना लागली होती डोक्यात. सण साजरा करणारे कुठं तरी लांब होते, मेले ते आपल्या वाटेनं चाललेले लोक. राखेनं माणूस मरतो का, ते मेसेज लिहिणाऱ्यानं सांगावं.

पुतण्या हुशार. म्हणाला, "काका, पण बारा बोअरमध्ये गोळी नसते, छर्रे असतात." बरं, एवढं मान्य करतो. बारा बोअरच्या काडतुसात दारूवर एक बूच असतं आणि त्याच्यापुढं छर्रे भरलेले असतात. पाखरांवर मारायचे बारीक छर्रे आभाळात मारले तर वेग लवकर गमावतात आणि परत येताना फारसं काही करत नाहीत. पण भावाच्या कपाटात आहेत ती एल.जी., म्हणजे जाड छर्र्यांची काडतुसं, रानडुकरासाठी घेतलेली. त्यातले छर्रे वाटाण्यापेक्षा मोठे असतात आणि एका काडतुसात मोजकेच बसतात. नळी जरा खाली आली की समोरच्या माडीवर वरात बघायला उभ्या असलेल्या बायका त्यांच्या टप्प्यात. आणि बंदुकीचा परवाना पिकाच्या राखणीसाठी दिलेला आहे, नवरदेवाच्या राखणीसाठी नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात लग्नातल्या गोळीबाराचा नाव घेऊन उल्लेख आहे. दुसऱ्यांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

ब्लँकचं थोडक्यात. त्यात गोळी नसते, पण दारू असते, आणि तोंड बंद करायला कधी पुठ्ठ्याचं किंवा प्लॅस्टिकचं बूचही असतं. जवळून तो वायूच गोळीचं काम करतो. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकन नटानं चित्रीकरणाच्या मधल्या वेळेत ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर गंमत म्हणून कानशिलाला लावून चाप ओढला. कवटीच्या हाडाचा तुकडा मेंदूत शिरला. काही दिवसांत गेला तो.

बारा बोअरचं तर हसूच आलं. नळीचा व्यास साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास असतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढी ती नळी. म्हणून तर सोळा बोअरची नळी बारापेक्षा बारीक असते. पुढं चला.

रिकामं खोकं भंगार? रेंजवर आमचं फायरिंग झालं की खोकी वेचून, मोजून परत करायची आणि सगळ्यांनी ओरडून सांगायचं, "मेरे पास कोई जिंदा राउंड या खाली खोखा नहीं है." उगाच नाही. पिन टोपीवर आपटते तिथं प्रत्येक बंदुकीची आपली खूण उमटते. २०१५ साली धारवाडात विचारवंत डॉ. कलबुर्गींचा खून झाला, २०१७ साली बेंगळुरूत पत्रकार गौरी लंकेश यांचा. दोन्हीकडं ७.६५ मिलिमीटरचं एकच गावठी पिस्तूल वापरलं गेलं, हे कर्नाटकच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेनं काडतुसं आणि गोळ्या ताडून सांगितलं. भंगार म्हणे!

राहिलं चुलीचं. आप्पांच्या वेळची काही काडतुसं अजून बिस्किटाच्या डब्यात आहेत. कागदी नळीची, बुडाला पितळ, त्यावर खडकीच्या कारखान्याची के. एफ. अक्षरं. आमच्याकडच्या पावसानं कागद फुगलाय, बंदुकीत शिरणारही नाहीत. पण फुगलेल्या कागदाच्या आत दारू कोरडी आहे की ओली, हे बाहेरून कुणाला दिसतं? विस्तवात टाकलं तर छर्रे बंदुकीतल्यासारखे सुसाट जात नाहीत, कारण मागं नळी नसते. खोकं मात्र फुटतं, आणि पितळाचे तुकडे व टोपी चुलीपुढं बसलेल्या बाईच्या तोंडावर येतात. वहिनी, तो डबा हलवू नका, ठोकू नका, भंगारवाल्याला तर नकोच नको. पोलीस ठाण्यात घेऊनही जाऊ नका. आधी भावाला त्याचा परवाना घेऊन ठाण्यात जाऊ दे, ते सांगतील तसं करायचं. आणि कपाटाची किल्ली पुतण्याला सापडेल अशी ठेवू नका.