नव्या कनिष्ठ अभियंत्याला फुकटचा सल्ला

पालिकेच्या पथ विभागात नुकतेच चिकटलात, अभिनंदन. कॉलेजात शिकलात ते आता विसरायला घ्या, उरलेलं मी सांगतो. मी अभियंता नाही, पण तुमच्या खात्याच्या कामाचं पाणी सध्या आमच्या पार्किंगमध्ये घोटाभर उभं आहे. एवढी पात्रता पुरे.

साइटवर जाऊ नये. ऊन असतं.

गतिरोधकाबद्दल इंडियन रोड्स काँग्रेस (रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) म्हणते, गोलसर उंचवटा 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा. त्यातला पहिला आकडा तेवढा धरा आणि जमेल तितका वाढवा. रुंदीत डांबर फुकट जातं.

रस्ता झाला रे झाला की पाणीपुरवठ्यावाल्यांना खोदायला सोडा. आधी विचारायचं म्हणजे त्यांच्या मजल्यावर जावं लागतं. शिवाय एकदा खोदलं की दोषदायित्व कालावधीतही, म्हणजे बिघडलेला रस्ता ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायच्या मुदतीतही, तो हात वर करायला मोकळा.

आता मुख्य धडा, थर. डांबरीकरण करताना जुना थर खरवडू नये. मिलिंग, म्हणजे हेच खरवडणं, एस्टिमेटमध्ये असतं, झालेलं काम नोंदवायच्या मोजमाप पुस्तिकेत चढतं, रस्त्यावर तेवढं उतरत नाही. जुन्यावर नवा, त्यावर आणखी एक, असं करत आमच्या गल्लीचा रस्ता सोसायटीच्या गेटच्या वर गेलाय. पूर्वी उतार गेटकडून रस्त्याकडे होता, आता रस्त्याकडून गेटकडे. ड्रेनेजची झाकणं जिथल्या तिथे, खाली. रात्री स्कूटर घातलीत तर विहिरीत उतरल्यासारखं वाटेल. आणि कडेची पावसाळी जाळी? डांबराखाली! ती नेमकी कुठे होती हे आता फक्त आमच्या वॉचमनला माहीत आहे. रस्त्याला मधोमध फुगवटा, दोन्ही कडांना जाळ्या, जाळीखाली गटार, यात न कळण्यासारखं काय आहे हो? पाणी खाली वाहतं! त्याला सल्लागार नेमावा लागत नाही. बादलीभर ओतून बघायचं होतं!

असो. सल्ला देत होतो.

ॲपवर तक्रार आली की भलत्याच रस्त्याचा फोटो डकवून 'निराकरण झाले' म्हणावं. माझ्या तक्रारीखालच्या फोटोत नारळाचं झाड आहे. आमच्या गल्लीतली झाडं तुमच्याच रुंदीकरणात गेली.

उघड्या मॅनहोलवर झाडाची फांदी रोवावी. ते काम नागरिक स्वतःच करतात, तुम्हाला तोही त्रास नाही.

29 ऑगस्ट 2017 च्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमधून वाहून गेले. पाणी ओसरत नव्हतं म्हणून लोकांनीच ते उघडलं होतं. मृतदेह वरळीला सापडला. ऑक्टोबर 2025 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं, खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने माणूस मेला तर वारसांना 6 लाख द्या आणि ते जबाबदार अधिकाऱ्यांकडून, ठेकेदारांकडून वसूल करा. म्हणजे कोर्टाने खिशाला हात घालेपर्यंत तुम्हाला काही वाटणारच नव्हतं. लाज वाटू द्या जरा. मोजमाप पुस्तिकेत न खरवडलेला थर खरवडला म्हणून लिहिणारा हात तुमचाच आहे, ठेकेदाराचा नाही. वरून दबाव असतो म्हणता, असेल; पण जाळी गाडली जात असताना निदान तिथे उभं राहायला कुणी अडवलं होतं? तुमच्या सहीशिवाय बिल निघत नाही ना? मग सही करायच्या आधी या, ती जाळी फोडून वर काढा, आणि मग काय ते बिल काढा.