फ्रीजला चिकटतो ना, मग झालं!

सजातीय ध्रुव एकमेकांना ढकलतात, हे मला शाळेतच शिकवलंय. पाठ आहे. पण लेगोच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या विटांच्या, खेळण्यातल्या रेल्वेचे डबे जोडायला चुंबकाच्या जोडण्या मागवाव्यात, पैसे मोजून, नऊ दिवस वाट बघून, त्या सहाच्या सहा एकाच ध्रुवाचं तोंड बाहेर करून गोंदाने पक्क्या केलेल्या याव्यात, आणि तक्रार केली तर पलीकडच्या माणसाने विचारावं, "सर, फ्रीजला लावून बघितलं का?"

बघितलं! चिकटतो! फ्रीजला चिकटतो, गोदरेजच्या कपाटाला चिकटतो, कुलरच्या पत्र्याला तर असा बसला की सोडवताना नख तुटलं. फक्त पुढच्या डब्याला चिकटत नाही. आणि माझी गाडी फ्रीज ओढत नाही हो, डबे ओढते!

चार-पाच दिवसांपूर्वी रात्री अकरा वाजता, मी बांधलेले तिन्ही नवे डबे रुळावर ठेवले. इंजिनाने पहिला उचलला, निघालं. दुसरा जागेवरच. हाताने नेऊन भिडवावा तर हा बाजूला सरकतो. जोर करून दाबलं तर रुळावरून उतरतो. बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ लग्नात समोरासमोर यावेत आणि एकाने मांडवाच्या दुसऱ्या टोकाला निघून जावं, तसा. मागून ढकललं तर मात्र न टेकताच पुढे पळतो. म्हणजे मी भुसावळात, सतरंजीवर, अडीच हजारांत चुंबकावर तरंगत धावणारी मॅग्लेव्ह गाडी बांधली. जपानला कळवा कोणीतरी.

मग सुरू झाला तो चॅट. चार दिवस. "आय अंडरस्टँड युअर कन्सर्न, सर." काय अंडरस्टँड, कपाळ? व्हिडिओ पाठवा म्हणाले, पाठवला. अंधुक आहे म्हणाले, मुलीकडून धरवून परत काढला. त्यात डबा डब्यापासून पळताना स्पष्ट दिसतो. तर उत्तर आलं, "सर, व्हिडिओमध्ये मॅग्नेट वर्किंग दिसतोय." अरे वर्किंगच आहे ना! उलटा वर्किंग आहे! मग म्हणे वर्णनात 'मॅग्नेट असलेली जोडणी' एवढंच लिहिलंय, दोन डबे जोडले जातील असं कुठे लिहिलंय? आणि परत घेता येणार नाही, कारण पाकीट फोडलंय. पाकीट न फोडता ध्रुव कसे बघायचे, होकायंत्र घेऊन कुरिअरवाल्याच्या गाडीवर बसायचं का?

कुरिअरवाला. त्याचं तर नावच काढू नका. 'ग्राहक घरी नव्हता' असा मेसेज, दुपारी दोन वाजता, मे महिन्यात! मे महिन्यात दुपारी दोनला भुसावळातला माणूस घरी नसेल तर कुठे असेल? पंचेचाळीस डिग्रीत आख्खी गल्ली कुलरसमोर उताणी पडलेली असते. रस्त्यावर कुत्रं नसतं. एकटा कुरिअरवालाच बाहेर असायला हवा, तर तोही नव्हता.

आणि विटा! असली लेगो माझ्या ऐपतीबाहेर आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. गाडीसुद्धा मावसभावाच्या पोरांनी खेळून सोडलेली, इंजिन आणि दोन पिवळे डबे. म्हणून तर ही नकली विटांची थैली घेतली, किलोच्या भावात, मटकी घ्यावी तशी. पण लेगोच्या विटेचं पेटंट 28 जानेवारी 1958 चं, आणि तेव्हाची वीट आजच्या विटेत टक्कन बसते. ह्यांची मंगळवारची वीट बुधवारच्या विटेत बसत नाही. निळा रंग मागवला होता, आयसीएफच्या, म्हणजे चेन्नईच्या रेल्वे कारखान्याच्या, डब्यांचा निळा. आले तीन निळे. एक आकाशी, एक शाळेच्या गणवेशाचा, आणि एक धुऊन धुऊन विटलेल्या लुंगीचा. एका भिंतीत तिन्ही. एका रेकमध्ये, म्हणजे जोडलेल्या डब्यांच्या रांगेत, मधेच एखादा दुसऱ्या रंगाचा डबा लावलेला दिसला तरी मी प्लॅटफॉर्मवर उभा राहून चरफडतो, लहानपणापासून. इथे तर एकाच डब्याला गोधडी.

त्याआधी जळगावला दुकानात गेलो होतो, तेही सांगून टाकतो. काउंटरवरच्या पोराने विचारलं, "मुलाचं वय काय, काका?" मी म्हटलं, त्रेचाळीस. तो दोन मिनिटं शेल्फकडे बघत राहिला आणि मग रिमोटची कार काढून दिली.

तरी हिशेब बघा, मी काही उधळपट्टी केलेली नाही. एका डब्याला दोन बोगी, बोगीला दोन आस, आसाला दोन चाकं. तीन डब्यांची चोवीस चाकं आणि सहा जोडण्या, इथेच अर्धे पैसे गेले. बाकी सगळा जुगाड. असली डब्याला सहा बाय अठ्ठावीस खुंट्यांचा (खुंटी म्हणजे विटेवरचा गोल उंचवटा, मापही त्यातच) अखंड पाया येतो, तो सुटा परवडत नाही, म्हणून पातळ पट्ट्या सांधा मोडून एकावर एक, दोन थर. भिंत बांधताना गवंडी लावतो तशा. एकच थर दिला की डबा मधोमध पोट सोडतो, हे पहिल्या डब्याने शिकवलं. खिडक्यांना मिठाईच्या खोक्याचं पारदर्शक झाकण. गजांसाठी काळा दोरा. छत आइस्क्रीमच्या काड्यांचं, आणि त्या काड्यांसाठी घरातल्या सगळ्यांनी आठ दिवस कुल्फी खाल्ली, त्याबद्दल मात्र कोणी तक्रार केली नाही.

आणि हो, बोगी म्हणजे चाकांचा तो सांगाडा! डबा नव्हे! टीव्हीवर रोज 'अमुक गाडीच्या चार बोगी घसरल्या'. डबे घसरले म्हणा की. मराठीत चांगला दोन अक्षरी शब्द असताना चुकीचा इंग्रजी शब्द वापरायचा आणि वर ताठ बसायचं. आमच्या घरात जेवताना कोणी डब्याला बोगी म्हटलं तर नाना घास खाली ठेवतात.

नाना म्हणजे माझे वडील, भुसावळला रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगनमधून, म्हणजे डबे तपासायच्या खात्यातून, रिटायर झालेले. चौतीस वर्षं हातोडी घेऊन गाड्यांच्या चाकांवर ठोकून आवाज ऐकला. पहिला डबा पूर्ण झाला तेव्हा कौतुकाने त्यांच्यापुढे ठेवला. चष्मा लावला, फिरवून बघितला, पेनाच्या टोपणाने चाक वाजवलं. म्हणाले, "डबा आखूड आहे."

आहेच आखूड! खरा आयसीएफ डबा एकवीस मीटरच्या वर लांब आणि सव्वातीन मीटर रुंद. माझा सहा खुंट्या रुंद, म्हणजे अठ्ठेचाळीस मिलिमीटर. त्या मापाने लांबी चाळीस खुंट्या यायला पाहिजे. पण रुळाच्या वळणाची त्रिज्याच चाळीस खुंट्यांची, सोळा वाकडे रूळ जोडले की गोल पूर्ण. एवढ्या वळणावर एवढा लांब डबा घातला तर त्याचं पोट आत येऊन सिग्नलला धडकेल आणि टोकं बाहेर जाऊन फलाट खरवडतील. म्हणून अठ्ठावीस. हे सगळं मी कागदावर काढून दाखवलं. नाना म्हणाले, "मंग वळण मोठं कर." वळण मोठं करायचं तर पलंग बाहेर काढावा लागेल, आणि पलंगाचा विषय काढला की ही माझ्याकडे ज्या नजरेने बघते ती नजर बघता मी विषय बदलला.

तर काल रात्री. मी सुईने एक चुंबक उपटायचा प्रयत्न केला, जोडणीच मोडली. सहाची पाच. मग बसलो परत मेल लिहायला. दीड पान झालं. सजातीय ध्रुव, ग्राहक हक्क, खुलासा, सगळं त्यात. मुद्दा क्रमांक सात लिहीत होतो, तेवढ्यात नाना पाणी प्यायला उठले.

"काय रे भो, झोपत नही का?"

सांगितलं सगळं. नव्याला नवा जोडत नाही, पण जुन्या डब्याला नवा लगेच लागतो. कारण असली जोडणीत चुंबक आपल्या खोबणीत मोकळा फिरतो, समोर कोणताही ध्रुव आला तरी कूस बदलून घेतो. ह्यांनी गोंद घालून ठेवलाय, म्हणून...

नाना गाडीकडे बघत पाणी पीत होते. "मंग नव्याच्या मधी जुना लाव ना. इंजिन, नवा, जुना, नवा, जुना, आन् शेवटी तुटका. त्याले मागं कोण जोडणार आहे? शंटिंग करता येत नही का तुले?"

तांब्या ठेवला आणि झोपायला गेले.

चार दिवस. दोन व्हिडिओ. एक नख. दीड पान मेल.

लावली तशी गाडी. पाचही डबे एका दमात निघाले, वळणावरसुद्धा सुटले नाहीत. आता माझ्या सतरंजीवर निळा, पिवळा, दुसरा निळा, पिवळा, तिसरा निळा अशी गाडी गोल गोल फिरते आहे, आणि ती बघून माझ्या पोटात जे होतं ते मलाच माहीत. सकाळी मुलीने शाळेतल्या मैत्रिणींना फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'पप्पांच्या नवीन बोगी'.

दुपारी मेसेज आला. "सर, आपली समस्या सुटली का? हो किंवा नाही दाबा."

'नाही' दाबलं.