स्वर्गातली उपासना थांबत नाही म्हणजे नेमकं काय?

आमच्या चर्चच्या यूथ मीटिंगमध्ये कुणी ना कुणी हे विचारतंच, की स्वर्गात रात्रंदिवस नुसतं गायचंच असेल तर कंटाळा नाही का येणार? आणि आपण मोठी माणसं "असं बोलू नये" म्हणून त्या पोराला गप्प करतो. मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. त्याचं उत्तर बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणातच आहे, फक्त आपण चौथा अध्याय वाचतो, छान वाटतं, आणि बायबल मिटतो.

चौथ्या अध्यायात देवाच्या राजासनाभोवती चार प्राणी आहेत, प्रत्येकाला सहा पंख, आतून बाहेरून डोळेच डोळे, आणि ते न थांबता "पवित्र, पवित्र, पवित्र" म्हणतायत. यशया संदेष्ट्याने त्याच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सराफीमांच्या, म्हणजे पंख असलेल्या स्वर्गीय सेवकांच्या, तोंडून हेच ऐकलंय. त्या डोळ्यांकडे जरा लक्ष द्या ना. हे पाठ केलेलं म्हणून दाखवणारे नाहीत, ते सगळीकडून बघतायत आणि जे दिसतंय त्यामुळे तोंडातून शब्द निघतायत, म्हणून मला तरी त्यात कंटाळ्याला जागाच दिसत नाही.

पण माझा मुद्दा पुढचा आहे. प्रकटीकरणाचं हे पुस्तक योहान लिहितोय पत्म बेटावरून, देवाच्या वचनामुळे तिथे येऊन पडलेला. बहुतेक अभ्यासक हा काळ रोमन सम्राट डोमिशियनचा धरतात, म्हणजे इ.स. ८१ ते ९६. ज्या सात मंडळ्यांना, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समूहांना, हे पुस्तक जातंय त्यातल्या पर्गम शहरात तेव्हा ऑगस्टस कैसराच्या नावाचं मंदिर होतं, माणसाला देव म्हणून पूजत होते, आणि त्याच शहरात अंतिपा नावाच्या विश्वासणाऱ्याला विश्वासासाठी जीव गमवावा लागला. अशा गावात कुणाच्या तरी घरी जमलेली मूठभर माणसं, उद्या आपण जमू शकू की नाही याची खात्री नाही, आणि त्यांना वाचून दाखवतायत की खरं राजासन दुसरीकडेच आहे, तिथे चोवीस वडील, म्हणजे स्वर्गातले ज्येष्ठ, स्वतःचे मुगूट काढून खाली ठेवतायत आणि तिथली उपासना कुठलाच कैसर बंद पाडू शकत नाही. त्यांच्यासाठी "थांबत नाही" या शब्दांचा अर्थ किती मोठा असेल! तुमचा आवाज दाबला तरी गाणं चालूच आहे.

आता पाचवा अध्याय. वडिलांच्या हातात वीणा आहे हे आपल्याला माहीत असतं, पण वीणेबरोबर धूपाने भरलेल्या सोन्याच्या वाट्यासुद्धा आहेत आणि त्या म्हणजे पवित्र जनांच्या प्रार्थना, असं तिथेच लिहिलंय. म्हणजे आपण इथे रडत, अडखळत केलेली प्रार्थना त्या उपासनेच्या ऐन मधोमध आहे. मध्ये उभा असलेला कोकरा, म्हणजे येशू, तोसुद्धा वधलेल्यासारखा दिसतो, जखम लपवलेली नाही. आणि सहाव्यात तर वेदीखालचे हुतात्मे मोठ्याने ओरडतायत, हे स्वामी, कुठवर? न्याय कधी करणार? त्यांना कुणीही "स्तुती चालू आहे, गप्प बसा" म्हणत नाही. प्रत्येकाला शुभ्र झगा दिला जातो आणि अजून थोडा वेळ विसावा घ्या म्हणून सांगितलं जातं.

हे मी एवढ्या कळकळीने लिहितोय कारण एका घरी मयतीच्या वेळी मी स्वतः ऐकलंय, तरुण मुलगा गेलेल्या आईला एक जण सांगत होते की बाई रडू नका, तो आता वर गातोय, तुम्हीही स्तुती करा. ती बाई पदराने तोंड दाबून बसली. मला फार राग आला, अजूनही येतो. स्वर्गातल्या उपासनेचं नाव घेऊन कुणाचं रडणं बंद करायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? सातव्या अध्यायात देव स्वतः डोळ्यांचे अश्रू पुसतो, म्हणजे ते अश्रू तोपर्यंत डोळ्यांत होतेच ना.

आणि आठव्याची सुरुवात बघा. कोकऱ्याने गुंडाळीवरचा सातवा शिक्का फोडल्यावर स्वर्गात सुमारे अर्धा तास शांतता! लगेच पुढे देवदूत सोन्याचं धूपाटणं घेऊन वेदीपाशी उभा राहतो आणि धूराबरोबर पवित्र जनांच्या प्रार्थना देवासमोर वर जातात. काही जण याचा अर्थ असा लावतात की या प्रार्थना ऐकू याव्यात म्हणून स्वर्ग गप्प झाला, आणि मला तो मनापासून पटतो. उपासना तिथे थांबली असं मी मानत नाही, उलट ऐकून घेणं हाही तिचाच भाग आहे.

रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी आपण देवदूतांबरोबर "पवित्र, पवित्र, पवित्र" म्हणतो तेव्हा गाणं आपण सुरू करत नसतो, आधीपासून चालू असलेल्यात आपण सामील होतो, म्हणूनच ज्याला एखाद्या रविवारी गाता येत नाही, घसा दाटून येतो, त्याने बाकावर नुसतं बसून राहिलं तरी काही बिघडत नाही, त्याच्या वाट्याचं गाणं बाकीची मंडळी गातायत आणि वरही गातायत. वर्शिप लीड करणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, प्लीज अशा माणसाला माइकवरून "हात वर करा, मोठ्याने म्हणा" असं सांगू नका. त्याला बसू द्या.