अंदाज की पुरावा?
'डायनासोर लघुग्रहामुळे संपले हा नुसता अंदाज' असं लेखात म्हटलंय, ते काही पटलं नाही. १९८० मध्ये अल्वारेझ या शास्त्रज्ञ पितापुत्रांनी मातीच्या बोटभर थरातल्या इरिडियमवरून (पृथ्वीच्या कवचात दुर्मिळ, पण लघुग्रहांत जास्त असणारा धातू) अंदाजच मांडला, कबूल. पण तेव्हा लघुग्रह आदळल्याचं विवर सापडलं होतं कुठे? मेक्सिकोतलं चिक्शुलूबचं, सुमारे १८० किमी रुंदीचं, ओळखलं गेलं १९९१ मध्ये! आपल्या लोणारलाही आधी ज्वालामुखीचंच तोंड समजत. धक्क्याने काच झालेली खनिजं सापडली, मग गाडी आघाताकडे वळली. मी कळव्याची, खिडकीतून रोज पारसिकचा डोंगर बघते. दगड लोणारचाच, दख्खनच्या लाव्ह्यातून थिजलेला काळा बेसाल्ट. बाकी दख्खनच्या लाव्ह्याचाही या विनाशात हात होता का, यावर अजून भांडण चालू आहे. लेखात खरं तर ते यायला हवं होतं.