वाळू बदला, पण एका दिवसात नाही

'दर सहा महिन्यांनी फिशटँक पूर्ण रिकामा करा. वाळू उकळत्या पाण्यात धुवा, नाहीतर नदीची ताजी वाळू टाका. सगळं पाणी नवं भरा. दोन-तीन दिवस मासे वर येऊन तोंड उघडतील, घाबरू नका, ते रुळतात.' उन्हाळा लागला की हा मेसेज आमच्या जळगावच्या ग्रुपांवर फिरू लागतो. मागच्या वैशाखात मी तो तंतोतंत पाळला. तिसऱ्या दिवशी पहाटे चारही गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून श्वास ओढत होते, कल्ले लालभडक झालेले. दुपारपर्यंत दोनच उरले.

मेसेज म्हणतो, वाळूवरचा चिकट थर म्हणजे घाण. खडा बोटांत चोळला की जे बुळबुळीत लागतं, त्यातच माशांना जगवणारे जिवाणू असतात. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या दाण्यांतून पाण्यात अमोनिया येतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, नायट्रेट बरंच सौम्य. ही वसाहत नव्याने बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, उकळत्या पाण्यात मात्र ती लगेच मरते. जुना मुरलेला स्पंज फिल्टर असेल तर तो बराच भार पेलतो. पण कितीतरी घरांत वाळूखाली जाळीची प्लेट आणि एअर पंप एवढंच असतं. तिथे वाळू हाच फिल्टर, आणि तोच आपण उकळून काढतो.

नवं पाणी काचेसारखं दिसतं म्हणून शुद्ध, हेही खोटं. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, तो उरलेसुरले जिवाणूही मारतो.

नदीच्या वाळूबद्दल थोडं सविस्तर सांगतो. तापी-गिरणेच्या वाळूत चुनखडीचे खडे असू शकतात. वाळूवर व्हिनेगर टाका, फेस आला तर चुना आहे. तो हळूहळू विरघळतो आणि पाण्याचा सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कधर्मी याचं माप) चढतो. आपल्या शेतकऱ्यांना माती परीक्षणातून ओळखीचा असलेला हाच तो सामू. २५ अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का घातक रूपात असतो, सामू ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे घाण तेवढीच, विष दहापट. त्यात आपला मे महिना: पाणी जितकं तापेल तितका त्यात प्राणवायू कमी मावतो.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती 'रुळतात' या शब्दाची. वर येऊन धापा टाकणारा मासा गुदमरत असतो. त्याच क्षणी खाणं बंद करून, क्लोरीन काढलेल्या पाण्याने निदान एक तृतीयांश पाणी बदलायला हवं. दोन दिवस वाट पाहण्यात माझे दोन मासे गेले.

मेसेजमधली एक गोष्ट खरी आहे. बारीक वाळूचा जाड थर खालून काळा पडतो, ढवळला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड, माशांना घातक. अशी वाळू काढायलाच हवी, पण एका वेळी पाव भाग, पाइपने ओढून, मध्ये दोन आठवडे सोडून. त्या काळात फिल्टरला हात लावू नका.

माझा तिसरा पाव भाग परवा झाला. नवी वाळू निवळ पाणी येईपर्यंत धुतली, वाटीत भरून तळापर्यंत नेली आणि तिथेच अलगद कलती केली. दोन्ही गोल्डफिश लगेच आले, तोंडात वाळू घेऊन चाळली आणि थुंकून टाकली.