सरसकट सगळं कशाला सोडायचं?

लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नसेल तर दुधाचं सगळंच बंद करा, हा लेखातला सल्ला काही पटला नाही. दुधाची ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी. लॅक्टोज पचत नाही तेव्हा लहान आतड्यात लॅक्टेज, म्हणजे ही साखर पचवणारं एन्झाइम, कमी पडतं, न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि मग पोट फुगतं, गुडगुडतं. मुरलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज जवळपास उरतच नाही, ते मला बिनतक्रार चालतं. कॉफीत मात्र ओटचं दूध! फेस छान येतो, आणि खरं सांगायचं तर आता तीच चव जास्त आवडते. फक्त बाटली आधी नीट हलवा हं, वरून घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. बदामाचं दूध चवीला ठीक, पण प्रथिनं नावालाच. त्याबाबतीत सोयाचं उजवं.